वाणातला लाल रंग

आईच्या डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत आतल्या बाजूला, टिकल्या चिकटवलेल्या असायच्या. एक मरून रंगाची, एक हिरवी, एखादी खड्याची. संध्याकाळी ती सांगलीहून माधवनगरला घरी आली की मोरीत हातपाय धुताना तेवढा हात बाजूला धरायची. कुठली टिकली किती दिवस टिकते आणि तिच्या गोंदानं कातडीला काय होतं, हे तिला बघायचं असायचं. कपाळावर लावून बघायची सोय नव्हती. वडील गेले त्या दिवसापासून तिच्या कपाळाला काही लागलं नव्हतं. वडील फौजेत होते, कुंडलला ऊस होता, दोन्ही गेलं आणि आम्ही मायलेकी माधवनगरात एका खोलीत येऊन पडलो. ती सगळी रड इथं काढत बसत नाही. चुलत्यांना शिव्या घालायच्या तर मला वेगळं पुस्तक लागेल.

आमच्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमागांचा कारखाना होता. दिवसभर नुसती खटाखट. भिंतीला खिळा ठोकून अडकवलेला आरसा सारखा थरथरायचा, त्यामुळं वेणीचा भांग सरळ पडला की वाकडा हे कधी कळायचं नाही. आम्हाला ओरडून बोलायची सवय लागली ती तिथंच. माझा नवरा अजून म्हणतो, घरात माग चालू असल्यासारखी काय ओरडतेस. सकाळी आई बाजरीच्या नाहीतर ज्वारीच्या भाकरी थापायची, एका पातेल्यात आमटी, आणि दोघींचे डबे. ती दुकानात जायची, मी कॉलेजात. येताना तिच्या लुगड्याला हळदीचा वास यायचा, कारण बसला यायला ती हळदीच्या वखारींवरून चालत यायची. शनिवारी कागदात भडंग असायचं. त्यावर कच्चा कांदा चिरून घालायचा आणि दाराच्या उंबऱ्यावर बसून खायचं. आजही कुणी साताऱ्यात भडंग पुढं ठेवलं की मला आधी हळदीचा वास येतो आणि मग राग येतो.

दुकान गणपती पेठेच्या अंगाला होतं. बांगड्या, टिकल्या, पावडरी, साबण, तेलं, पिना, बायकांना लागणारं सगळं. मालकाला सगळे अण्णा म्हणायचे. गोरे, जाडे, बोलायला गोड. आईला त्यांनी कामाला ठेवलं तेव्हा शेजारपाजारच्या दुकानदारांनी नाक मुरडलं होतं, म्हणे बांगड्यांच्या दुकानात विधवा बाई कशाला. पण वर्षभरात बायका दुकानात शिरायच्या त्या आईलाच शोधत. कारण आई खरं सांगायची. ‘सुशीला, ही पावडर कशी गं?’ ‘थंडीत बरी हाय वैनी. उन्हाळ्यात घामानं हिची कनीक हुती.’ ‘आणि हा साबण?’ ‘कापडं लय चांगली निघत्यात. पर हाताची सालं बी निघत्यात.’ एका मास्तरणीनं गोरं करायची क्रीम मागितली तर आई म्हणाली, ‘बाई, ह्यानं म्हैनाभर उजळ दिसतंय, मग हुतं त्यापेक्षा काळं पडतंय. त्या कोपऱ्यावरच्या शिंपिणीला इचारा, तिनं भोगलंय.’ आई कुठलीही वस्तू स्वतः वापरल्याशिवाय तिच्याबद्दल बोलायची नाही, आणि जी वापरता येत नाही ती कुणी वापरली, तिला काय झालं, हे विचारून ठेवायची. अण्णा हसायचे. ‘ओ बाई, तुमी असंच बोलत राहिला तर माझं दुकान बसंल,’ म्हणायचे, पण मनातून खूश असायचे. आईनं एक वस्तू नको म्हटली की बाई दुसऱ्या तीन डोळे झाकून घ्यायची.

हल्ली माझी मुलगी काही घ्यायचं म्हटलं की फोन घेऊन बसते. हा शाम्पू कसा, तो रंग कसा, कुणाकुणाला काय अनुभव आला ते सगळं खाली लिहिलेलं असतं. कुणी लिहिलेलं असतं, माझं डोकं खाजलं, घेऊ नका. खाली शेकडो लोकांनी अंगठे वर केलेले असतात, आभार मानलेले असतात. मी ते वाचते आणि पदरानं डोळे पुसते. मुलगी म्हणते, आई, केसांच्या रंगाचं वाचून कुणी रडतं का?

संक्रांतीच्या आधी दुकानाला श्वास घ्यायला फुरसत नसायची. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घराघरात हळदीकुंकू, आणि प्रत्येकीला वाण लुटायला डझनांनी वस्तू हव्यात. प्लॅस्टिकच्या वाट्या, गाळण्या, कंगवे, साबणदाण्या. तेव्हा मीही कॉलेज सुटलं की मदतीला जायची. आई गाळणीच्या जाळीत बोट घालून ताणून बघायची आणि म्हणायची, ‘ही वाणाला चालंल, चहाला न्हाई.’ बायका खो खो हसायच्या. आख्ख्या सांगलीच्या सवाष्णींना वाण काय द्यायचं हे आई ठरवायची, आणि एकाही घरातून तिला हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं नाही. याचं मला त्या वयात वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण आईनंच एकदा दटावलं होतं, ‘गप. रीतच हाय ती.’ मेली ती रीत.

एका वर्षी संक्रांतीच्या तोंडावर अण्णांनी मिरजेच्या कुणा व्यापाऱ्याकडून केसांच्या रंगाच्या पुड्यांची खोकी आणली. पुडीवर एका बाईचं चित्र, केस वाऱ्यावर उडालेले आणि लालभडक. खाली इंग्रजीत नाव, ते अण्णा ‘बरगंडी’ वाचायचे. कंपनी कुठली, माल कधीचा, काही धड छापलेलं नव्हतं. तोपर्यंत आमच्याकडे बाया मेंदी लावत, नाहीतर पांढरे केस लपवायला काळा रंग. लाल रंग मुद्दाम लावायचा हे नवीनच होतं. आईनं रिवाजाप्रमाणे एक पुडी फोडली, बशीत थोडी भिजवली आणि कोपराच्या आत, टिकल्यांच्या वर, बोटभर लावली. दुसऱ्या दिवशी तिथं लाल चट्टा, तिसऱ्या दिवशी पाण्याचे फोड. तिनं अण्णांना हात दाखवला. अण्णा म्हणाले, ‘तुमची कातडी नाजूक आहे ओ बाई,’ आणि खोकी पुढच्या फळीवर मांडायला सांगितली.

मग थोरातवहिनी आल्या. माधवनगरातच त्यांचा बंगला, आमच्या मागच्या भिंतीपलीकडचे माग त्यांच्या नवऱ्याचे. त्यांच्याबरोबर पिशव्या धरायला नंदा होती. नंदा आमची शेजारीण, लग्न होऊन दोनेक वर्षं झालेली, कमरेपर्यंत केस, आणि एवढ्या वयात कानशिलापाशी चार पांढरे आले म्हणून सारखी झुरणारी. तिचा नवरा थोरातांच्या मागावर कामाला होता. आईशिवाय तिचं पान हलायचं नाही. पहिल्यांदा चकल्या केल्या तेव्हा भाजणी आईची, पोट दुखलं तर ओवा आईचा. थोरातवहिनी म्हणाल्या, ‘दरवर्षी मेल्या वाट्या आणि कंगवे. यंदा काहीतरी मॉडर्न दाखवा अण्णा.’ अण्णांनी लगेच लाल पुडी पुढं केली.

आई काउंटरच्या आत टिकल्यांची पाकिटं लावून ठेवत होती. ती उठून आली आणि बाही वर करून हात पुढं धरला. ‘वैनी, ह्ये वाणाला देऊ नका. म्या लावून बघितलंय, ह्ये बघा. हाताचं आसं झालं, मग डोक्याला लावल्यावर काय हुईल? एकादीचं तोंड सुजंल, डोळं मिटतील. सनाचं दिवस हायती.’

थोरातवहिनींनी हाताकडं बघितलं आणि किंचित मागं सरकल्या. नंदानंही बघितलं. अण्णा हसत म्हणाले, ‘अहो, बाईंना साबणानंसुद्धा उठतं. कंपनीचा माल आहे. पुण्याला बायका रांगा लावून घेतात.’ पुण्याचं नाव निघाल्यावर आईच्या हाताकडं कोण बघतंय? गठ्ठेच्या गठ्ठे बांधून गेले. त्या निघाल्या तेव्हा आई नंदाला हळूच म्हणाली, ‘तू तरी लावू नगंस बाय.’ नंदानं मान हलवली.

थोरातांच्या हळदीकुंकवाला मी गेले होते. कुमारिका म्हणून मला चालत होतं, आणि तिळगूळ वाटायला हात हवे होते. काळ्या साड्या, ऊस-बोरांची ओटी, उखाणे. प्रत्येकीच्या हातात वाणाची पुडी पडली की चित्र बघून हशा पिकायचा. ‘अगं बया, असं झालं तर सासू घराबाहेर काढंल.’ ‘सासूलाच लाव की मग!’ आणि थोरातवहिनींनी जाहीर केलं, की रथसप्तमीला त्यांच्या जावेच्या घरी हळदीकुंकू आहे, तिथं सगळ्यांनी लावून यायचं, बघू कुणाला कसा खुलतो. मालकीणबाईनं सांगितलं म्हटल्यावर मागावाल्यांच्या बायकांनी ते हुकमासारखं घेतलं.

नंतरच्या दिवसांत गल्लीत जे काही दिसलं त्याचं मला आजही हसू येतं, खोटं कशाला बोलू. काळ्याभोर केसांवर तो रंग दिसतच नव्हता, उन्हात जरा तांबूस. पण जिथं पांढरे केस तिथं पेटल्यासारखा लाल. नळावर पाण्याला आलेल्या म्हाताऱ्या बायका लाल डोक्यांनी एकमेकींकडं बघून तोंडाला पदर लावायच्या. थोरातवहिनींच्या सासूबाईंनी तर आठवडाभर दार उघडलं नाही. आई हसली नाही. ती येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकीला विचारायची, ‘खाजत न्हाई नव्हं? डोळ्याला काय?’ दोघीतिघींच्या कपाळावर, कानामागं पुरळ उठलं होतं. आई त्यांना साध्या पाण्यानं पुन्हापुन्हा डोकं धुवायला सांगायची. तिला नाव ठेवायला तेव्हा कुणाला सुचलं नव्हतं.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी नंदानं लावला. आईला विचारायला ती आली नाही, कारण आई काय म्हणेल हे तिला माहीत होतं. सकाळी तिचा आरडाओरडा शेजारच्या भिंतीपलीकडून, मागांच्या खटाखटीतूनसुद्धा ऐकू आला. आम्ही धावत गेलो. मी तिला ओळखलंच नाही. कपाळ पुढं आलेलं, डोळ्यांच्या जागी दोन फुगे, कानांतून पाणी गळत होतं. ‘मला दिसंना झालंय, वैनी, मला दिसंना झालंय,’ असं ती आईला चाचपडत म्हणत होती. आईनंच रिक्षा बोलावली, आईनंच तिला मांडीवर घेऊन मिरजेला दवाखान्यात नेलं. दुकान बुडवून आई तिथं तिच्या उशाशी बसली. सूज उतरली, डोळे उघडले, जीव वाचला. कानशिलावरचे केस मात्र हातात आले ते आलेच, तिथं टक्कल पडलं.

नंदा घरी आल्यावर थोड्याच दिवसांनी थोरातवहिनी गल्लीतल्या बायका घेऊन दुकानावर आल्या. नंदाही होती, डोक्यावरून पदर ओढलेला. मी आत होते, आणि सांगते, मला आनंद झाला होता. मला वाटलं, आता अण्णांची धडगत नाही. आता बघू कंपनीचा माल म्हणून कोण सांगतंय. थोरातवहिनी अण्णांकडं बघायलासुद्धा तयार नव्हत्या. त्या सरळ आईपुढं येऊन उभ्या राहिल्या.

‘माझीच चूक झाली,’ त्या म्हणाल्या. ‘वाणाची वस्तू तुझ्या हातून घेतली. ज्या बाईच्या कपाळाला कुंकू नाही तिनं हात लावलेलं वाण मी सवाष्णींना वाटलं.’

आईनं हातातलं काम खाली ठेवलं. मग शांतपणे म्हणाली, ‘वैनी, म्या नगं म्हनत हुते. हात दाखवला हुता तुमास्नी. नंदाला इचारा, ती हुती तवा.’

सगळ्या नंदाकडं वळल्या. आईची नोकरी, आमच्या खोलीचं भाडं, माझं कॉलेज, सगळं त्या पोरीच्या तोंडात होतं. मला वाटत होतं ती खोटं बोलणार, मालकीणबाईला घाबरणार. मी मनातल्या मनात म्हणत होते, खरं बोल, नंदा, एवढंच कर. आणि नंदा खरं बोलली. अगदी शब्द न् शब्द खरं.

‘व्हय,’ ती जमिनीकडं बघत म्हणाली. ‘म्हनल्या हुत्या त्या. एकादीचं तोंड सुजंल म्हनल्या. डोळं मिटतील म्हनल्या.’

 मागून कुणीतरी म्हणालं, ‘अगं बाई! म्हणजे बोलली तसंच झालं की!’

‘ऐन सणाच्या वाणावर असं अभद्र बोलायचं?’

‘स्वतःला मिळत नाही म्हणून…’

मी ओरडले, ‘अहो, सावध केलं तिनं तुम्हाला!’ पण माझं कोण ऐकतंय. आई नंदाकडं बघत होती. नंदानं पुढं एवढंच म्हणायचं होतं, की त्या आमच्या भल्यासाठी म्हणाल्या, माझं मी ऐकलं नाही. तेवढे शब्द तिनं गिळले. तिचा नवरा दुसऱ्या दिवशी मागावर जाणार होता ना. आणि अण्णांना वाट सापडली. ते मान हलवत म्हणाले, ‘मीसुद्धा त्या वेळी बाईंना म्हटलं होतं, शुभ वस्तूवर असं बोलू नये म्हणून.’ ते असं काहीही म्हणाले नव्हते. मग त्यांनी नोकराला हाक मारून प्रत्येकीला खोबरेल तेलाची बाटली फुकट द्यायला लावली. सगळ्यांनी घेतली. नंदानंही घेतली. ज्यांच्या डोक्याचं वाटोळं अण्णांच्याच मालानं केलं होतं, त्या बायका अण्णा किती देवमाणूस म्हणत पायऱ्या उतरल्या.

‘उद्यापासून नका येऊ बाई,’ अण्णा आईला म्हणाले. ‘माझं काही नाही, पण गिऱ्हाईक बिचकतं.’ उरलेल्या पुड्यांची खोकी त्यांनी तासगावच्या बाजारात खपवली, हे मला पुढं कळलं. तिथल्या बायकांचं काय झालं कुणास ठाऊक.

त्या संध्याकाळी नंदानं दारापुढच्या बुटक्या भिंतीवरून वाटीभर वांग्याची भाजी दिली, जशी नेहमी द्यायची. मी म्हणाले, फेकून दे तिच्या तोंडावर. आईनं भाजी कोपऱ्यावरच्या कुत्र्याला घातली, वाटी घासली, पुसली आणि नंदाच्या दारात रिकामी ठेवून आली. आमच्याकडे शेजारणीचं भांडं कधी रिकामं परत देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. नंदाला ते कळलं असणार. मी मात्र रात्रंदिवस बडबडत राहिले, की खरं बोलून फायदा काय, त्या बायकांची डोकी अजून सडोत. आई म्हणाली, ‘आसं बोलू नगंस. खरं झालं तर?’ मला वाटलं ती चिडून म्हणतेय. नंतर ध्यानात आलं, ती खरोखर घाबरली होती. त्या दुकानात सगळ्या जणी मिळून जे बोलल्या, ते तिच्या आत जाऊन बसलं होतं. यासाठी मी त्यांना कधीच माफ केलं नाही, आणि वय झालं म्हणून करणारही नाही.

मामांनी आम्हाला साताऱ्याला आणलं. आई एका मुलींच्या मेसमध्ये चपात्या लाटायला लागली आणि हात चालेनासे होईपर्यंत लाटत राहिली. कामाला चोख, पण तोंड मिटलेलं. मेसमध्ये कुणी विचारलं, मावशी, हे तेल कसं, तो साबण कसा, तर ‘मला न्हाई बाई म्हाईत,’ एवढंच. माझ्या लग्नाच्या बस्त्यालासुद्धा ती कुठल्याच साडीला बरी किंवा वाईट म्हणाली नाही. दुकानदार म्हणाला, मावशींची काही तक्रारच नाही. मी त्याच्याकडं असं बघितलं की तो साड्यांच्या घड्या घालायला लागला.

चारपाच वर्षांपूर्वीची गोष्ट. साताऱ्यात मोठं दुकान निघालंय, टोपली घेऊन आपणच फिरायचं, तिथं मी आईला घेऊन गेले होते. केसांच्या रंगांची भलीमोठी भिंत, जांभळा, निळा, लाल, काय नाही ते. एक कॉलेजची पोरगी तिथं जांभळ्या रंगाचं खोकं धरून उभी होती. बहुधा गंमत म्हणून तिनं आईला विचारलं, ‘आजी, हा मला कसा दिसंल ओ? लावू का?’

आईनं खोकं हातात घेतलं. उलटं केलं, डोळ्यांपासून लांब धरलं, मागचं बारीक बारीक वाचत राहिली. मला वाटलं आता ती बोलणार. इतक्या वर्षांनी मी तिचं तोंड उघडायची वाट बघत उभी होते. तिनं खोकं परत दिलं आणि म्हणाली, ‘लय चांगला हाय बाळा. लाव बिनघोर.’ आणि माझा दंड धरून जवळजवळ ओढतच मला बाहेर घेऊन आली.

‘आई, आधी हाताला लावून बघ एवढं तरी सांगायचंस तिला,’ मी म्हणाले.

‘सांगितलं आसतं,’ ती म्हणाली. ‘आनि मग झालं आसतं तिला कायतरी.’

मी तिला पायरीवर बसवलं आणि त्या पोरीला सांगायला परत आत गेले. रंगांच्या भिंतीपाशी कुणी नव्हतं. बिलाच्या रांगा बघितल्या, दुसऱ्या दारातून रस्त्यावर जाऊन आले. पोरगी निघून गेली होती. मी परत आले तेव्हा आई माझ्या रिकाम्या हातांकडं बघत होती.

‘घावली का गं?’

‘नाही.’

आईनं पदर तोंडाला लावला आणि तिथंच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांत, हमसून हमसून रडायला लागली. दुकानातून काढलं त्या दिवशी ती रडली नव्हती.